नवे यंत्र, जुना हक्क
कोलकात्यातील संगणकाच्या साठ वर्षांचा मागोवा

हीरकमहोत्सव हा साठ वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. शाळेच्या हिशेबात वर्गखोल्या, निकाल, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या येतात. तेवढ्याच साठ वर्षांच्या मापाने एखाद्या वस्तूचा प्रवास मोजला, तर समाज कोठून कोठे आला हेही कळते. संगणक ही अशी एक वस्तू आहे. भारतातील पहिला अंकीय संगणक १९५६ साली कोलकात्यात, म्हणजे त्या वेळच्या कलकत्त्यात, सुरू झाला. त्यानंतर साठ वर्षांनी, २९ जुलै २०१६ रोजी, घरोघरच्या संगणकांवरील ‘विंडोज’ ही ऑपरेटिंग सिस्टीम विनामूल्य अद्ययावत करून घेण्याची मुदत संपली. पहिले यंत्र एका राष्ट्रीय संस्थेचे होते. दुसऱ्या घटनेच्या वेळी त्याच शहरातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी बाजारातून सुटे भाग आणून एका दुपारी स्वतःचा संगणक जुळवू शकत होता.

यंत्र इतके जवळ आले, मात्र ते चालविणारी प्रणाली वापरण्याचा हक्क नेमका कोणाकडे, हा प्रश्न याच काळात अधिकाधिक गुंतागुंतीचा होत गेला. सवलतीच्या दरात घेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने जुळवलेल्या संगणकावर बसवता येते का, या साध्या घरगुती प्रश्नात तो गुंता पुरता सापडतो. त्याचे उत्तर समजण्यासाठी आरंभापासून पाहावे लागते.

बारानगरचे पहिले यंत्र

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १७ डिसेंबर १९३१ रोजी स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था कोलकात्याच्या उत्तरेस बारानगर येथे, बराकपूर ट्रंक रोडवर आहे. १९५०च्या दशकात राष्ट्रीय नमुना पाहणी आणि दुसरी पंचवार्षिक योजना या दोन मोठ्या कामांची आकडेमोड तिच्याकडे होती. माणसांनी हाताच्या गणनयंत्रांवर ही आकडेमोड किती काळ करायची, हा प्रश्न संस्थेपुढे उभा होता. समरेंद्र कुमार मित्रा यांनी १९५३ मध्ये याच संस्थेत एक सादृश संगणक बांधला. दहा अज्ञात संख्या असलेली एकसामयिक समीकरणे तो सोडवीत असे. पुढची पायरी अंकीय संगणकाची होती.

तो संगणक इंग्लंडहून आला. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील अँड्र्यू बूथ यांच्या रचनेवर आधारलेले हे यंत्र ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने बनविले होते. त्याचे नाव ‘एचईसी-२एम’. त्याची किंमत सुमारे दोन लाख रुपये होती. संस्थेचे मोही मुखर्जी आणि अमरेश रॉय हे दोन अभियंते इंग्लंडला जाऊन त्याची माहिती करून घेऊन आले. १९५५ मध्ये यंत्र जहाजाने कोलकात्यास पोहोचले आणि १९५६ मध्ये कामास लागले. ते सुमारे दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि सहा फूट उंच होते. त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर साठविलेली असे आणि तीत अवघे १,०२४ ‘शब्द’ मावत. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही.

या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. ज्याला गणित सोडवायचे असेल त्याने यंत्राच्या अंकभाषेत आज्ञा लिहायच्या, त्या छिद्रपत्रांवर उतरवायच्या आणि ती पत्रे यंत्राला भरवायची, अशी पद्धत होती. एक काम संपले की यंत्र पुन्हा कोरे होई. योगायोग असा, की याच १९५६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाने ‘आयबीएम ७०४’ या संगणकासाठी एक व्यवस्थापक प्रणाली तयार केली. एकामागून एक कामे माणसाच्या मदतीवाचून पुढे सरकावीत, एवढाच तिचा हेतू होता. ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतिहासात तिला पहिले स्थान दिले जाते. कोलकात्याचे पहिले यंत्र आणि जगातील पहिली ऑपरेटिंग सिस्टीम या दोन गोष्टी अशा समवयस्क आहेत. मात्र त्यांची एकमेकींशी गाठ पडण्यास बराच काळ जायचा होता.

१९५९ मध्ये सोव्हिएत बनावटीचा ‘उराल’ हा संगणक संस्थेत आला. पुढच्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला संगणक सुरू केला. १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. कोलकात्यानेही आयातीवर न थांबता पुढचे पाऊल टाकले. सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘आयएसआयजेयू-१’ हा संगणक तयार केला. तो १९६६ मध्ये कार्यान्वित झाला. या यंत्रांच्या बाबतीत मालकीचा प्रश्न उद्भवत नव्हता. ज्यांनी यंत्र आणले किंवा घडविले, त्यांनीच त्यासाठीच्या आज्ञावली लिहिल्या. यंत्र आणि त्याचे चालविणे या दोन्ही गोष्टी एकाच हाती होत्या.

प्रणालीला किंमत आली

१९६०च्या दशकात कोलकात्यातच संगणकाला दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. आयुर्विमा महामंडळाने शहरातील इलाको हाउस या इमारतीत संगणक बसविण्याचे ठरविले, तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला आणि इमारतीवर पहारे ठेवले. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या हिताचे, हा प्रश्न त्या विरोधामागे होता.

याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एक व्यापारी निर्णय झाला. त्याचे परिणाम पुढे साऱ्या जगाने अनुभवले. २३ जून १९६९ रोजी आयबीएम कंपनीने जाहीर केले, की यापुढे अनेक आज्ञावल्या आणि सेवा यंत्राच्या किमतीत धरल्या जाणार नाहीत, त्यांची वेगळी किंमत आकारली जाईल. तोपर्यंत यंत्र घेणाऱ्यास आज्ञावल्या सोबतच मिळत. या घोषणेनंतर आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली. विक्रीची म्हणताना एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ग्राहकाला मिळे तो वापरण्याचा परवाना. मालकी निर्मात्याकडेच राही. घर विकत घेणे आणि घर भाड्याने घेणे यांत जे अंतर, तेच यंत्र विकत घेणे आणि प्रणालीचा परवाना घेणे यांत आहे.

भारतातील कायद्याने हा भेद हळूहळू मान्य केला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत आली. कथा-कादंबरीच्या लेखकाला जे संरक्षण, ते आज्ञावलीच्या कर्त्यालाही मिळाले. १९९४ ची दुरुस्ती पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात अमलात आली. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा तिने ठरविली. पुस्तकाची चोरटी प्रत वाचणारा वाचक सहसा कायद्याच्या कचाट्यात येत नाही. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र वापरणाराही जबाबदार धरला गेला, हे पालकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शाळांमध्ये संगणक आला तो १९८४-८५ च्या ‘क्लास’ या केंद्रीय योजनेतून. या योजनेत निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे छोटे ब्रिटिश संगणक देण्यात आले. त्यांची प्रणाली यंत्रातील एका चिपमध्ये कायमची कोरलेली असे. बटण दाबले की संगणक तयार. त्या पिढीतील विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी लागते, हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

चांदनीचा बाजार

नव्वदच्या दशकात हे चित्र बदलले. आयातीवरील निर्बंध सैल झाले, सुटे भाग मुबलक मिळू लागले आणि देशातील प्रत्येक महानगरात संगणकाच्या सुट्या भागांचा एकेक बाजार प्रसिद्धीस आला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, तसा कोलकात्यात चांदनी चौक. धर्मतळ्याच्या उत्तरेस, गणेशचंद्र ॲव्हेन्यू आणि चित्तरंजन ॲव्हेन्यूच्या आसपासच्या गल्ल्यांत हा बाजार पसरलेला आहे.

येथे संगणक जुळवून मिळे. ग्राहकाने मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा आणि कॅबिनेट असे भाग निवडायचे आणि दुकानातील कारागिराने ते एकत्र बसवायचे. नामांकित कंपनीच्या तयार संगणकापेक्षा हा ‘असेंबल्ड’ संगणक स्वस्त पडे. पुढे बिघाड झालाच, तर एकच भाग बदलून काम भागे. मध्यमवर्गीय घरांत संगणक शिरला तो बहुतांशी याच दाराने, आणि हे कोलकात्याइतकेच पुणे, नागपूर किंवा कोल्हापूर येथेही खरे होते.

तयार संगणकाच्या किमतीत विंडोजचा परवाना बहुधा समाविष्ट असे. जुळवलेल्या संगणकाच्या बिलात तो क्वचितच दिसे. मदरबोर्ड, रॅम आणि डिस्क यांचे आकडे बिलावर येत, आणि ‘विंडोज टाकून देणे’ ही मात्र बोलाचालीतील सेवा राही. देशभरच्या बाजारांत परवान्यावाचूनच्या प्रती याच वाटेने पसरल्या. ग्राहकाची समजूत अशी होई, की जे दिसते ते विकत घेतले आणि जे दिसत नाही ते सोबत मिळाले. १९६९ पूर्वीच्या जगात ही समजूत योग्य ठरली असती.

मोडीत देऊन नवे घेणे

प्रामाणिकपणे परवाना घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबापुढे प्रश्न येई तो किमतीचा, आणि येथेच सवलतीचा विषय सुरू होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९१ मध्ये ‘एमएस-डॉस ५’ ही प्रणाली ‘अपग्रेड’ म्हणून थेट ग्राहकांना विकण्यास आरंभ केला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’ ची अमेरिकेतील पूर्ण किंमत सुमारे २१० डॉलर होती, तर अपग्रेडची सुमारे ११० डॉलर. जवळजवळ निम्म्या किमतीत तीच प्रणाली मिळत होती. खोक्यातील चकतीवर दोन्ही वेळा मजकूर जवळपास सारखाच. फरक होता तो घेणाऱ्याच्या पूर्वहक्कात.

मराठी घरांत हा व्यवहार अपरिचित नाही. जुने तांब्या-पितळेचे भांडे मोडीत देऊन नवे घेताना नव्याची पूर्ण किंमत द्यावी लागत नाही. दुकानदाराची ती कृपा नसते, जुन्या भांड्याचे मोल त्या सवलतीत वळते झालेले असते. अपग्रेडची सवलतही अशीच आहे. फरक इतकाच, की जुनी चकती ग्राहकाच्या कपाटातच राहते. तिचा हक्क मात्र नव्या परवान्यात विलीन होतो. एकच जुना परवाना मोडीत दाखवायचा आणि तोच दुसऱ्या यंत्रावर वापरतही राहायचे, हे नियमात बसत नाही.

आता चांदनीतून नुकताच जुळवून आणलेला संगणक डोळ्यांपुढे आणावा. त्याची हार्ड डिस्क कोरी असते. त्याला भूतकाळ नसतो. मोडीत देण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नसते. सवलतीच्या अपग्रेडला जे जुने यंत्र, जुनी प्रणाली, जुना हक्क अपेक्षित असतो, त्यांपैकी नव्या यंत्राकडे एकही नाही. नव्या संगणकावर सवलतीची प्रणाली बसविताना अडचण येते, तिचे मूळ येथे आहे.

यावर कोणी म्हणेल, घरात जुना संगणक आहे, त्यावर विंडोज आहे, तो हक्क नव्या यंत्राकडे वळवावा. येथे दुसरा भेद आडवा येतो. दुकानातून खोक्यात घेतलेला किरकोळ विक्रीचा परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. तयार संगणकासोबत आलेला परवाना, ज्याला व्यवहारात ‘ओईएम’ म्हणतात, त्या पहिल्या यंत्राशी बांधलेला असतो. उपनगरी रेल्वेचा मासिक पास जसा ज्याच्या नावाचा त्यालाच चालतो, तसा हा परवाना. तो स्वस्त असतो याचे कारणही हेच, की तो त्या यंत्राबरोबर संपतो. जुना तयार संगणक काढून टाकून नवा जुळवून घेणाऱ्या कुटुंबाला वाटते, की आपण विंडोजचे जुने ग्राहक आहोत. परवान्याच्या भाषेत मात्र जुना ग्राहक तो संगणक होता, आणि तो भंगारात गेलेला असतो.

कोऱ्या डिस्कची परीक्षा

ग्राहकाकडे जुना हक्क आहे की नाही, हे प्रणालीने कसे ओळखावे? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. ‘विंडोज ९५’, ‘९८’ आणि २००१ मध्ये आलेली ‘एक्सपी’ यांच्या अपग्रेड चकत्या कोऱ्या डिस्कवरही बसत. मध्येच त्या जुन्या विंडोजची चकती दाखविण्यास सांगत. ती यंत्रात घातली, की काम पुढे चाले. ही परीक्षा विश्वासावर आधारलेली होती. मूळ चकती जपून ठेवणाऱ्याला ती सहज उत्तीर्ण करता येई.

२००७ मधील ‘व्हिस्टा’ आणि २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेली ‘विंडोज ७’ यांनी चकती दाखविण्याची सोय काढून टाकली. जुनी प्रणाली यंत्रावर प्रत्यक्ष असली पाहिजे आणि अपग्रेडचा आरंभ तिच्यातूनच झाला पाहिजे, अशी अपेक्षा होती. कोऱ्या डिस्कवर प्रणाली बसे, पण पुढे पंचवीस अक्षरांची किल्ली भरून ती सक्रिय करू गेले, की ही किल्ली केवळ अपग्रेडसाठी आहे असा नकार येई. तीच प्रणाली स्वतःवरच दुसऱ्यांदा चढविली, तर हा नकार टळतो, हे जाणकारांनी शोधून काढले आणि ती युक्ती जगभर पसरली. डिस्क बिघडल्यामुळे नवी बसविणाऱ्या, पण जुना हक्क बाळगून असलेल्या ग्राहकाला तिचा उपयोग झाला. ज्याच्याकडे मुळात जुना हक्कच नव्हता, त्यालाही तिने तेवढेच साहाय्य केले. प्रणाली सुरू झाली एवढ्यावरून परवाना मिळाला असे होत नाही, हा धडा या प्रकरणातून मिळतो. दार उघडणे आणि घरात राहण्याचा हक्क असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

सवलतीचा सर्वांत मोठा प्रयोग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ बरोबर झाला. एक्सपी, व्हिस्टा किंवा विंडोज ७ असलेल्या कोणालाही भारतात १,९९९ रुपयांत ‘विंडोज ८ प्रो’ उतरवून घेता येत असे. अमेरिकेत याच सवलतीची किंमत ३९.९९ डॉलर होती. २ जून २०१२ पासून विंडोज ७ सह नवा संगणक घेणाऱ्यांना तर ती अवघ्या ६९९ रुपयांत देऊ केली होती. दोन्ही सवलतींची मुदत ३१ जानेवारी २०१३ ची होती. ज्यांनी आयुष्यात कधी विंडोजचा परवाना घेतला नव्हता, अशा अनेक घरांच्या आवाक्यात ही रक्कम होती. मात्र अट तीच, आधीची विंडोज असली पाहिजे. जुळवलेल्या कोऱ्या संगणकाच्या मालकाला १,९९९ रुपये भरूनही नियमानुसार हक्क मिळत नव्हता.

त्याच वेळी एक दार अधिकृतपणे उघडले गेले, त्याची चर्चा मात्र कमी झाली. संगणक जुळविणाऱ्यांसाठीची ‘सिस्टीम बिल्डर’ आवृत्ती तोवर संगणक जुळवून दुसऱ्यास विकणाऱ्यांसाठी होती. विंडोज ८ पासून तिच्या अटींत स्वतःच्या वापरासाठी यंत्र जुळविणाऱ्याचाही स्पष्ट समावेश झाला. ती अपग्रेडहून महाग होती, पण कोऱ्या डिस्कवर बसत होती आणि जुन्या हक्काची मागणी करीत नव्हती. नवे यंत्र जुळवून घेणाऱ्यासाठी योग्य वस्तू तीच होती. स्वस्त वस्तू आणि योग्य वस्तू यांची निवड ग्राहकाने समजून करायची होती. पण ती समज देण्याची तजवीज ना बाजारात होती, ना शाळेच्या अभ्यासक्रमात.

अपग्रेड आणि आपली लिपी

सवलतीच्या या व्यवहारात भारतीय भाषकांचा एक निराळाही लाभ गुंतलेला होता. विंडोज ९८ च्या काळात मराठी मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवून पाने तयार होत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तेच पान इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग होऊन उघडे. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीनुसार देवनागरी प्रथम ‘विंडोज २०००’ मध्ये आली. एक्सपीमध्ये ती होती, पण अनेकदा मूळ चकती घालून पूरक भाग स्वतंत्रपणे बसवावा लागे. ज्यांच्याकडे चकती नव्हती, त्यांचे काम तेथे अडे. कोलकात्याला तर आणखी थांबावे लागले. बंगाली लिपीला विंडोजने २००४ मधील एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये स्थान दिले. व्हिस्टापासून या लिप्या वेगळे काही न करता दिसू लागल्या.

त्यामुळे मराठी किंवा बंगाली माध्यमाच्या शाळेसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम ही हौसेची बाब नव्हती. प्रश्नपत्रिका, दाखले, वार्षिक अंक या गोष्टी स्वतःच्या लिपीत, कोणत्याही यंत्रावर वाचता येतील अशा स्वरूपात ठेवता येणे त्यावर अवलंबून होते. परवाना नसलेल्या प्रतींना सुधारणा व्यवस्थित मिळत नसत, म्हणून लिपीच्या सोयीही उशिरा पोहोचत. परवान्याचा प्रश्न असा भाषेपर्यंत येऊन भिडतो.

या सगळ्यास एक पर्याय समांतर वाढत होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सभोवती मुक्त प्रणालींचे एक कुटुंब उभे राहिले. त्यांच्या परवान्यात वापरण्याचे, प्रत देण्याचे आणि बदल करण्याचे स्वातंत्र्य आहे. कोऱ्या डिस्कवर त्या कोणताही पूर्वहक्क न विचारता बसतात. बंगाली आणि मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी त्यांत भरली. केरळने आपल्या शालेय संगणक शिक्षणात मुक्त प्रणालींचाच अवलंब केला. १९५६ च्या बारानगरात वापरणाऱ्याने स्वतः आज्ञा लिहायच्या, ही जी रीत होती, तिचा धागा या मार्गात टिकून राहिला आहे.

साठ वर्षांनंतर

२९ जुलै २०१५ रोजी ‘विंडोज १०’ आली आणि विंडोज ७ व ८.१ असणाऱ्यांना ती एक वर्ष विनामूल्य मिळाली. सवलत पूर्ण शंभर टक्के झाली, तरी तिचा नियम बदलला नाही. आरंभी जुन्या प्रणालीतूनच अपग्रेड करावे लागे. त्या वेळी यंत्राच्या घटकांवरून, विशेषतः मदरबोर्डवरून, त्याची एक ओळख कंपनीकडे नोंदविली जाई. नंतर त्याच यंत्राची डिस्क कोरी करून प्रणाली पुन्हा बसविली, तरी हक्क टिके. नोव्हेंबर २०१५ च्या सुधारणेनंतर विंडोज ७ किंवा ८ ची खरी किल्ली कोऱ्या डिस्कवरही थेट चालू लागली. चकती, किल्ली आणि शेवटी यंत्राची ओळख, असा पुराव्याचा प्रवास झाला. जुन्या किल्ल्यांनी नवी प्रणाली सक्रिय होण्याची वाट तर मुदतीनंतरही पुष्कळ काळ खुली होती. ती २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्याचे जाहीर झाले.

त्यापूर्वी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, ‘विंडोज ११’ आली आणि जुना प्रश्न उलटा झाला. ही प्रणाली विंडोज १० असणाऱ्यांना विनामूल्य आहे, पण तिला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा घटक आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. पूर्वी नव्या यंत्राला भूतकाळ नाही म्हणून सवलत नाकारली जाई. आता हक्क असलेल्या, चालत्या यंत्राला ते जुने आहे म्हणून नकार मिळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा अनेक शाळांतील आणि घरांतील सुस्थितीतल्या संगणकांपुढे हा पेच उभा राहिला.

संगणक जुळविणे ही आता सोपी विद्या झाली आहे. आठवी-नववीतील जिज्ञासू मुलेही ती शिकतात आणि ते स्वागतार्हच आहे. त्यांना मदरबोर्डवर रॅम कोठे बसते हे शिकविताना, त्या यंत्रावर येणारी प्रणाली कोणत्या हक्काने आली हेही विचारण्यास शिकविले पाहिजे. परवाना किरकोळ विक्रीचा आहे की यंत्राशी बांधलेला, अपग्रेडचा आहे की पूर्ण, तो हस्तांतरित होतो का, मुक्त प्रणालीने आपले काम भागते का, ही चार प्रश्नांची छोटी यादी सवलतीची जाहिरात वाचतानाच हाताशी हवी. बिल, किल्ली आणि परवान्याचे कागद जमिनीच्या सातबाऱ्याप्रमाणे जपून ठेवणे हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.

बारानगरच्या त्या यंत्रापाशी काम करणाऱ्या मंडळींना यंत्राच्या पोटात काय चालले आहे, ते एकेका आज्ञेपर्यंत ठाऊक होते. आजच्या मुलांच्या हाती त्याहून कित्येक पटींनी समर्थ यंत्र आहे. त्या यंत्रावर आपला हक्क कोठपर्यंत आहे आणि तो कोठे संपतो, एवढे ठाऊक असणे हे त्यांच्या शिक्षणाकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.